खड्डा सगळ्यात शेवटी पडतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाव तालुक्याला जोडणारा रस्ता तीन वर्षांपूर्वी नवा झाला आणि आज त्याची चाळण झाली आहे. दर दिवाळीच्या आसपास खड्डे भरतात, पुढच्या पावसात तेच खड्डे त्याच जागी उघडतात. डांबर कमी घातलं का? आणि आता काँक्रीट करणं हाच उपाय आहे का?

माझी नोकरी पश्चिम महाराष्ट्रात आणि काही वर्षं कोकणात रस्त्यांच्या कामावर गेली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. डांबर चोरणारे मला भेटलेच नाहीत, असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या प्रश्नातलं ‘तेच खड्डे, त्याच जागी’ हे जास्त बोलकं आहे. डांबर कमी पडलं असेल तर रस्ता सगळीकडे सारखा खरवडत जातो, खडी सुटते, चाकाखाली कचकच वाजते. ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा खड्डा पडत असेल तर त्या जागी खाली पाणी आहे.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात मी जीपमध्ये बसून पाहणी करायचो आणि आमचे मुकादम डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन रस्त्यावरून चालायचे. एकदा म्हणाले, “सायेब, उन्हात रस्ता काय बघायचा, समदे सारखेच दिसत्यात. पाऊस पडतोय तवर उतरा खाली. पाणी कुठं थांबतंय त्ये बघा.” उतरलो. पाऊस उघडल्यावर तासाभरात डांबर वाळलं, पण काही भेगा मात्र ओल्याच राहिल्या, पेन्सिलीनं ओढलेल्या रेघांसारख्या. तेवढ्यात एक ट्रक गेला आणि त्या भेगेतून राखाडी पाणी चुळकन बाहेर आलं. मुकादमांनी ते बोटांत चोळून दाखवलं. राखाडी असलं तर खडीच्या थरातली कच निघतेय, तांबूस असलं तर मुरूम निघतोय, काळा चिखल असला तर खालची माती वर येतेय. तिथे तेव्हा खड्डा नव्हता. तीन आठवड्यांनी पडला.

खड्डा असा तयार होतो. डांबराच्या थराला बारीक भेग पडते. पाणी आत जातं आणि खालच्या खडीत साचतं. वरून जड चाक गेलं की ते दाबलं जातं, बाहेर येताना बारीक कच घेऊन येतं. रोज हजारदा हे झालं की खडीचा थर पोकळ होतो. मग वरचा थर आधाराशिवाय वाकतो, भेगांची जाळी होते, मगरीच्या पाठीसारखी, आणि एक दिवस त्यातला तुकडा टायरबरोबर उडतो. आपल्याला दिसतो तो हा तुकडा उडाल्यावर. दुखणं तोवर वर्षाचं जुनं झालेलं असतं.

आता रस्ता म्हणजे काय ते बघू, कारण बहुतेकांना रस्ता म्हणजे वरचा काळा थर वाटतो. सगळ्यात खाली माती. तिच्यावर मुरूम किंवा जाड खडीचा थर, ज्यातून पाणी निथळून बाजूला जायला हवं. त्यावर दाबून बसवलेली खडी. मग डांबरमिश्रित खडीचा एक किंवा दोन थर. गावरस्त्यावर तर वरचं कार्पेट अवघं २० मिलिमीटरचं असतं आणि त्यावर सीलकोट, म्हणजे पाणी अडवणारा पातळ लेप. भार पेलायचं काम खालच्या खडीचं. कार्पेटनं पाणी अडवायचं आणि चाकाला गुळगुळीत वाट द्यायची. (जाता जाता: आपण ज्याला डांबर म्हणतो ते बिटुमेन, खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मागे राहणारं. खरं डांबर कोळशापासून निघतं आणि ते रस्त्यावरून कधीच गेलं. पण भाषेत डांबरच राहिलं, तर राहू दे.)

माझ्या हाताखालचा एक रस्ता सांगतो. सहा किलोमीटर, एकच ठेकेदार, एकच हंगाम, एकाच हॉटमिक्स प्लँटचा माल. पहिले अडीच किलोमीटर माळावरून, पुढचे साडेतीन उसातून. माळावरचा भाग नऊ वर्षं तसाच गेला. उसातला भाग तिसऱ्या पावसाळ्यात फुटला आणि गावात बोंब झाली की साहेबानं आणि ठेकेदारानं मिळून खाल्ले. मी तिथे भर मार्चमध्ये साईडपट्टीला खड्डा घेतला. दोन फुटांवर पाणी लागलं, मार्चमध्ये! दोन्ही बाजूंना पाटाचं पाणी बारमाही, शेत रस्त्यापेक्षा उंच आणि गटार नावालाही उरलेलं नाही. प्रत्येक शेतकऱ्यानं ट्रॅक्टर आत घ्यायला गटारात माती टाकून वाट केली होती, आणि त्या वाटेखाली पाईप एकानंही टाकला नव्हता. साडेतीन किलोमीटरमध्ये अशा वाटा मी मोजल्या, एकेचाळीस. म्हणजे गटाराची बेचाळीस डबकी.

त्यात खाली काळी माती. कपाशीची, उसाची, पिकाला सोन्यासारखी आणि रस्त्याला वैरी. भिजली की फुगते, वाळली की आकसते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भिजलेल्या अवस्थेत तिची भार पेलण्याची क्षमता, म्हणजे आमच्या भाषेत सीबीआर, दोन-तीन टक्क्यांवर येते; चांगल्या मुरमाची याच्या कितीतरी पट असते. मजा अशी की रस्त्याच्या मध्याखालची माती डांबरामुळे झाकलेली, तिची ओल वर्षभर फारशी बदलत नाही. कडेची माती मात्र दर ऋतूत फुगते आणि आकसते. म्हणून काळ्या रानातले रस्ते आधी कडेनं फुटतात: कडेपासून हात-दोन हात आत, रस्त्याला समांतर लांबच लांब भेग. रुंदीकरण झालेलं असेल तर जुन्या-नव्याच्या सांध्यावर हमखास. यावर उपाय वरून होत नाही. माती काढून जाड मुरूम भरायचा किंवा मातीत चुना मिसळून तिचा फुगीरपणा मारायचा, आणि साईडपट्टी अशी करायची की पाणी कडेला मुरणार नाही. अंदाजपत्रकात पैसे कमी पडले की पहिली कात्री नेमकी यावर चालते, कारण हे काम गाडलं जातं आणि उद्घाटनाला दिसत नाही.

वजनाचं गणित लोकांना खरं वाटत नाही, तरी सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवत राहिले आणि झीज मोजली. त्यातून निघालेला नियम आजही ढोबळमानाने वापरतात: एक्सलवरचा, म्हणजे चाकांच्या आसावरचा, भार जितक्या पट वाढतो, त्याच्या चौथ्या घाताइतकं नुकसान वाढतं (भार दुप्पट, तर नुकसान सोळापट). आपल्याकडे हिशोबाचा प्रमाण एक्सल ८.१६ टनांचा. चार टायरच्या एक्सलला कायद्यानं १०.२ टनांची मुभा होती. तो एक्सल प्रमाणाच्या जवळजवळ अडीच पट झीज करतो. २०१८ मध्ये मर्यादा ११.५ टन झाली, तेव्हा तो आकडा चारच्या जवळ गेला. वाळूचा किंवा खडीचा डंपर १६ टन एक्सलवर घेऊन गेला तर जवळपास पंधरा पट. उलट सहाशे किलो एक्सलभाराची मोटार एवढी हलकी, की एका प्रमाण एक्सलइतकी झीज व्हायला असे तीस हजारांहून जास्त एक्सल जावे लागतील. तेव्हा ‘आमच्या रस्त्याला वाहतूक कितीशी आहे’ हे वाक्य फसवं. चारचाकी किती आहेत ते मोजू नका. गावाजवळ क्रशर सुरू झालाय का, कारखान्याचा हंगाम कधी सुरू होतो, ते विचारा. पाऊस संपला, खालची माती अजून ओली आहे, आणि नेमका त्याच वेळी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत निघतो.

उन्हाबद्दल थोडंच. डांबर वर्षानुवर्षं उन्हात आणि हवेत ऑक्सिजन घेऊन वाळतं, ठिसूळ होतं, काळ्याचं राखाडी होतं. मे महिन्यात विदर्भात हवेचं तापमान ४५ असतं तेव्हा रस्त्याचा पृष्ठभाग साठीच्या वर जातो. त्यात सिग्नलला, घाटाच्या चढावर, बसथांब्यावर जड गाड्या हळू चालतात, ब्रेक मारतात, आणि डांबर कणकेसारखं सरकून चाकोऱ्या पडतात. तिथे व्हीजी-३० ऐवजी व्हीजी-४० हे जास्त घट्ट डांबर वापरावं लागतं. एसटी स्टँडवर डिझेल सांडतं आणि डिझेल डांबराला विरघळवतं, म्हणून स्टँडचं आवार काँक्रीटचं करतात.

कामातल्या चुका म्हणाल, तर सगळ्यात महाग चूक थंड मालाची, आणि ती मी स्वतः केलेली आहे. डिसेंबरची संध्याकाळ, प्लँट पन्नास किलोमीटरवर, डंपर रस्त्यात अडकलेले. माल आला तेव्हा ताडपत्री उडालेली, वरती साय धरल्यासारखी पपडी. परत पाठवायला हवा होता. दहा टनांचं नुकसान आणि ठेकेदाराचं तोंड, दोन्ही डोळ्यांसमोर आलं, आणि मी पसरू दिला. प्लँटवर दीडशे अंशांच्या पुढे तयार झालेला माल पसरताना निदान १३०-१४० असायला हवा आणि रोलिंग साधारण शंभराच्या आत यायच्या आधी संपायला हवं. पातळ थर तर थंडीत पंधरा-वीस मिनिटांतच निवतो. निवलेल्या मालावर रोलर कितीही फिरवा, तो दबत नाही, फक्त दिसायला सपाट होतो. आत पोकळी राहते. ही पोकळी आठ टक्क्यांच्या वर गेली की एकमेकांना जोडली जाते आणि रस्ता स्पंजासारखा पाणी पितो. त्या रात्रीचे दीडशे मीटर पुढच्या जुलैत उखडले. पुढचे-मागचे राहिले. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत खिशात थर्मामीटर होता.

खडी धुळीची असेल तरी तेच होतं. आपला काळा पाषाण डांबराला चांगला धरतो, त्या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. पण खडीवर क्रशरची भुकटी बसलेली असेल तर डांबर भुकटीला चिकटतं, खडीला नाही, आणि पहिल्या पावसात सालीसारखं सुटतं.

शहरात आणखी एक रोग: खोदाई. केबल, गॅस, पाण्याची लाईन. चर खणतात, निघालेलीच माती परत ढकलतात, वरून दोन घमेली खडी. चर भरायचा तर १५-२० सेंटिमीटरचे थर देत प्रत्येक थर ठोकून भरायचा असतो. तो तसा भरला जात नाही, पावसात बसतो आणि चांगल्या रस्त्याच्या पोटात पाण्याची वाट तयार होते. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण लोक नेहमी देतात. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीनं दहा वर्षांच्या हमीवर केलेला तो रस्ता कित्येक दशकं खड्ड्यांविना राहिला. त्यात जादू काही नव्हती. गरम माल, नीट बसवलेला पाया, पाण्याला वाट, आणि काम करणाऱ्यावर दहा वर्षांची जबाबदारी. ही जबाबदारी सगळ्यात महत्त्वाची, कारण दहा वर्षं स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करायची असेल तर माणूस थंड माल पसरत नाही.

आता देखभाल. लोकांच्या मनात देखभाल म्हणजे खड्डे बुजवणं. आमच्या जुन्या मैलकुलींचं, म्हणजे रस्त्याच्या देखभालीवरच्या मजुरांचं, वर्ष वेगळं असायचं. मे महिन्यात गटारं उपसायची, नळमोऱ्यांतला गाळ काढायचा, साईडपट्टीवरचं गवत आणि साचलेली माती तासायची. कारण साईडपट्टी रस्त्यापेक्षा बोटभर जरी उंच झाली तरी पाणी रस्त्यावरच अडतं. आणि फार खाली गेली तर डांबराची कड तुटते. रस्त्याला मध्यापासून कडेला दोन-अडीच टक्के उतार, साईडपट्टीला त्याहून जास्त, एवढं जपलं की अर्धं काम झालं. फावडं, घमेलं, पहार आणि धुमस एवढ्यावर हे व्हायचं. त्या गँग आता राहिल्या नाहीत; माणसं निवृत्त झाली, जागा भरल्या गेल्या नाहीत. गटाराच्या कामाला स्वतंत्र टेंडर निघतं आणि ते पुष्कळदा जूनमध्ये निघतं.

दुसरं काम भेगा भरणं. फेब्रुवारी ते मे या काळात भेग कोरडी असताना हवेनं फुंकून साफ करायची आणि इमल्शन (पाण्यात मिसळलेलं पातळ डांबर) किंवा रबरमिश्रित डांबर ओतायचं. खड्डा बुजवण्याच्या मानानं हे खूप स्वस्त. पण खड्डा फोटोत दिसतो, भरलेली भेग दिसत नाही, म्हणून याला पैसे मागायला गेलं की वरून विचारणा यायची, ‘रस्ता तर चांगला दिसतोय?’ चांगला दिसतोय तेव्हाच करायचं असतं. रस्ता रखरखीत झाला पण पाया शाबूत असेल तर मायक्रोसरफेसिंगचा, म्हणजे बारीक खडी आणि इमल्शनच्या मिश्रणाचा, पाच-सहा मिलिमीटरचा थरही पुरतो. पायाच गेला असेल तर वरून कितीही जाड कार्पेट घाला, दोन पावसाळ्यांत जुनी भेग नव्या थरातून डोकं वर काढते. पायाचा अंदाज घ्यायला बेंकेलमन बीम वापरायचो: ८.१७ टन मागचा एक्सल असलेला ट्रक उभा करायचा आणि तो पुढे गेल्यावर रस्ता किती मिलिमीटर वर उचलला जातो ते डायलवर वाचायचं. आता त्यासाठी वजन आपटून मोजणारं यंत्र आलं आहे.

आणि खड्डा पडलाच तर? तुमच्याकडचे पॅच का उखडतात ते बहुधा इथेच कळेल. खड्डा गोल, बशीसारखा असतो. त्यात तसाच माल ओतला की कडेला तो नखाएवढा पातळ होतो आणि तिथूनच सोलतो. म्हणून खड्ड्याभोवती चांगला, ठणठणीत भाग लागेपर्यंत चौकोन आखायचा आणि कडा उभ्या कापायच्या. तळातला चिखल, पाणी, सुटी खडी काढून टाकायची. खोल असेल तर खडी भरून धुमसानं बसवायची. मग तळाला आणि चारही कडांना टॅक कोट, म्हणजे जुन्याला नवं चिकटवणारा डांबराचा पातळ लेप. टॅक कोटचं इमल्शन टाकताना दुधाळ चहासारखं तपकिरी असतं. ते काळं झालं की समजायचं पाणी उडालं, आता माल टाका. तपकिरीवरच माल टाकणारी माणसं मी रोज बघतो. माल टाकून कडेकडून मध्याकडे दाबत यायचं आणि पॅच किंचित उंच ठेवायचा, गाड्यांनी तो बसतो. डंपरचं चाक चार वेळा फिरवणं म्हणजे रोलिंग नव्हे.

पावसात गरम माल चालत नाही. तेव्हा पिशवीतला कोल्डमिक्स, नाहीतर जाड खडी आणि कच, हे तात्पुरतं आहे असं मनाशी धरून. नुसता मुरूम टाकू नका. दोन दिवसांत त्याचा चिखल होतो आणि दुचाकीवाला घसरतो. मुंबईत पेव्हर ब्लॉक बसवून पाहिले. खालची वाळू वाहून गेली की ब्लॉक हलतात आणि एका खड्ड्याच्या जागी दातेरी खड्डा मिळतो.

काँक्रीट. मुंबईत २०२३ पासून शेकडो किलोमीटर रस्ते काँक्रीटचे करायला घेतले आहेत, त्यामुळे सगळ्यांनाच तो रामबाण वाटतो. पाण्याचं आणि डिझेलचं त्याला भय नाही आणि नीट केला तर तीस वर्षं जातो, हे खरं. गावठाणात, जिथे घरांचं सांडपाणी रस्त्यावरूनच वाहतं, तिथे मीही काँक्रीटच सुचवीन. पण साधारण साडेचार मीटरवर सांधा कापावा लागतो, तोही ओतल्यानंतर काही तासांतच. उशीर केला तर काँक्रीट आपल्या मर्जीनं तडकतं. पाणी पुरेसे दिवस मारावं लागतं. सांध्यातलं भरण दर काही वर्षांनी बदलावं लागतं, नाहीतर पाणी तिथून आत जाऊन तेच करतं जे डांबरात करतं: कच बाहेर काढतं, स्लॅबचा कोपरा अधांतरी होतो, तुटतो. आणि डांबराचा खड्डा तासाभरात बुजतो, तुटलेला स्लॅब बदलायला आठवडे रस्ता बंद. उसाच्या पाण्यात, काळ्या मातीवर, गटाराशिवाय केलेलं काँक्रीट मी तडकलेलं पाहिलं आहे. टाकाऊ प्लास्टिक घालून केलेल्या रस्त्याचंही तसंच: मदुराईचे प्राध्यापक वासुदेवन यांची पद्धत चांगली आहे, गरम खडीवर प्लास्टिकचा लेप बसतो आणि डांबर घट्ट धरतं. पण गटार ते काढत नाही.

तुमच्या रस्त्यासाठी सांगतो. आधी किलोमीटरच्या दगडाचा रंग बघा: माथा हिरवा असेल तर राज्य महामार्ग, पिवळा तर राष्ट्रीय, काळा तर जिल्हा मार्ग, नारिंगी तर ग्रामसडक. त्यावरून अर्ज कुणाकडे करायचा ते कळेल. मग कामाचा फलक शोधा. त्यावर दोषदायित्वाचा कालावधी लिहिलेला असतो. ग्रामसडक योजनेत तो पाच वर्षांचा, म्हणजे तुमचा अजून चालू असू शकतो आणि दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चानं व्हायला हवी. पहिल्या जोरदार पावसात फोन घेऊन रस्त्यावरून चालत जा. पाणी कुठे थांबतं, कुठल्या भेगा ओल्या राहतात, किती शेतवाटांनी गटार बुजवलंय, किलोमीटर दगडासकट फोटो काढा. अर्जात ‘रस्ता खराब आहे’ असं न लिहिता ‘किमी अमुक ते तमुक डावीकडचं गटार बुजलं आहे’ असं लिहा. अशा अर्जाला मोघम उत्तर देता येत नाही. शेतवाटांखाली पाईप टाकायचा ठराव ग्रामसभेत घ्या, आणि त्याची सुरुवात सरपंचांच्या शेतापासून करा. आमच्याकडे तिथेच अडलं होतं.